पंचाण्णवची पेन्शन: हमी नेमकी कशाची? वडिलांचा पीपीओ आलाय, हिशोब जुळेना

मांजराकाठचा (लातूर)
नमस्कार मंडळी. वडील साखर कारखान्यात कायम फिटर होते. १९८७ ला लागले, जून २०२५ ला ५८ पूर्ण झाले. ईपीएस-९५ चा (१९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना) पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आला, त्यावर महिना ४,३३३ रुपये पेन्शन लिहिली आहे. कारखान्यातले सगळे सांगत होते, "पंधरा हजार गुणिले वर्षं भागिले सत्तर, तुला सहाच्या वर बसते." वडील तेव्हापासून गप्प गप्प आहेत.

माझे प्रश्न असे. हा आकडा बरोबर आहे का? "हमीची पेन्शन" म्हणतात त्यात हमी नेमकी कशाची असते? महागाईप्रमाणे वाढते का? आणि वडिलांनंतर आईला काय मिळेल? बँकेजवळ बसणारा एकजण म्हणतोय, पेन्शनचा तिसरा हिस्सा विकून एकरकमी पैसे मिळवून देतो, फक्त त्याचे पैसे आधी द्या. करावं का?

कळंबकर
त्या माणसाला एक रुपया देऊ नका. ईपीएसमधली पेन्शन विकायची सोय २००८ मध्येच बंद झाली. तो काहीही मिळवून देऊ शकत नाही.

वाळूजकर
हमी कशाची विचारताय? किमान १००० रुपयांची! १ सप्टेंबर २०१४ पासून तोच आकडा आहे. माझ्या काकांना चिकलठाण्याच्या कंपनीतून तेवढीच मिळते. हजारात औषधं आणायची की दळण? या पेन्शनला हमी म्हणणंच मला पटत नाही.

हजेरीबाबू (परभणी)
मी सूतगिरणीत टाइम ऑफिसला होतो. पीएफचे फॉर्म भरण्यातच नोकरी गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मूळ गोष्ट. पीएफ आणि पेन्शन ही दोन वेगळी भांडी आहेत. पीएफमध्ये जेवढं साठलं अधिक व्याज, तेवढं तुमचं. पेन्शनचं तसं नाही. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, सरकार १.१६ टक्के घालतं, आणि ते सगळ्यांच्या एकत्र फंडात पडतात. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दिसणारी रक्कम ही तुमची शिल्लक नव्हे. तुम्हाला मिळतं ते सूत्राप्रमाणे: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा, भागिले ७०. हमी आहे ती या सूत्राची. बाजार पडला तरी आकडा हलत नाही, माणूस नव्वद वर्षं जगला तरी पेन्शन थांबत नाही.

आता सहा हजार का नाही बसले. पगाराची मर्यादा १९९५ ला ५००० होती, जून २००१ पासून ६५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५०००. ज्यांची नोकरी २०१४ च्या अलीकडे-पलीकडे आहे त्यांचा हिशोब दोन तुकड्यांत होतो. ऑगस्ट २०१४ पर्यंतची वर्षं ६५०० वर, पुढची १५००० वर. तुमच्या वडिलांचं मांडून बघू.

१६ नोव्हेंबर १९९५ ते ३१ ऑगस्ट २०१४, म्हणजे सुमारे १८.८ वर्षं. ६५०० × १८.८ ÷ ७० = १,७४५.
१ सप्टेंबर २०१४ ते जून २०२५, सुमारे १०.८ वर्षं. १५००० × १०.८ ÷ ७० = २,३१४.
वीस वर्षांच्या वर सेवा म्हणून दोन वर्षं जादा धरतात. ती दोन्ही तुकड्यांत वाटली तर अंदाजे २७४.

बेरीज ४,३३३. म्हणजे तुमचा पीपीओ याच हिशोबावर चाललाय. पण मला इथंच एक गोष्ट खटकतेय. १९८७ ते १९९५ कुठं गेलं?

मांजराकाठचा
म्हणजे काका? १९९५ च्या आधी पेन्शन नव्हतीच ना?

हजेरीबाबू
होती. १ मार्च १९७१ पासून कुटुंब पेन्शन योजना होती. त्यात कामगाराला स्वतःला पेन्शन नव्हती, तो गेला तर बायकोला होती. कामगाराच्या हिश्शातून १.१६ टक्के, मालकाच्या हिश्शातून तेवढेच आणि सरकारचे तेवढेच त्यात जायचे. १९९५ ची योजना आली तेव्हा जुन्या सभासदांची ती वर्षं वाया जाऊ दिली नाहीत, त्याला मागील सेवेचा लाभ म्हणतात. १६ नोव्हेंबर १९९५ चा पगार अडीच हजारांपर्यंत असेल आणि मागची सेवा ११ वर्षांपर्यंत असेल तर ८० रुपये, पगार त्याच्या वर असेल तर ८५. सेवा जास्त असेल तर हा आकडा वाढत जाऊन २० वर्षांच्या वर १५० किंवा १७० होतो.

८० रुपये ऐकून सोडून देऊ नका. त्याला १९९५ पासून ५८ वय होईपर्यंतच्या वर्षांचा गुणक लागतो आणि तो दरवर्षी वाढत जातो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ते मूळ आकड्याच्या कित्येक पट होईल, दर महिन्याला, जन्मभर. आणि मी वर जी बेरीज केली त्यात हा लाभ मी धरलेलाच नव्हता. तरी ती तुमच्या पीपीओशी तंतोतंत जुळली. याचा अर्थ हा लाभ त्यांना दिलेलाच नाही.

पीपीओ काढा, त्यावर मागील सेवेच्या रकान्यात काय आहे ते बघा.

एसटी_बीड
हजेरीबाबू, तुमचा प्रतिसाद डेपोच्या ग्रुपवर टाकायलोय. आमच्याकडं कुणाला हे नीट सांगताच येईना.

माझा एक प्रश्न. दिवाळी २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत आमचा संप होता. त्या दिवसांचा पगार नाही. पेन्शनमध्ये ते दिवस कामून कापले म्हणून लोक भांडायलेत. कापतात का खरंच?

हजेरीबाबू
कापतात. पगार नाही तिथं वर्गणी नाही, आणि ते बिनवर्गणीचे दिवस सेवेतून वजा होतात. पण दुसरं लक्षात ठेवा. २०१४ पासून पगाराची सरासरी शेवटच्या ६० महिन्यांची काढतात, आधी १२ महिन्यांची होती. या ६० महिन्यांत बिनपगारी दिवस आले तर ते शून्य धरून सरासरी खाली ओढायची नाही, पूर्ण पगाराचा काळच धरायचा. त्यामुळं सेवा थोडी घटेल, सरासरी घटायला नको. तुमच्या हिशोबात ती घटली असेल तर लेखी विचारा.

शाळामास्तर_जिंतूर
ही सगळी आकडेमोड बघून वाईट वाटतं. आमच्याकडे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्याला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता. त्यानंतर लागलेल्याला ते नव्हतं, म्हणून तर मार्च २०२३ मध्ये आम्ही संपावर गेलो. भरतीची जाहिरात त्या तारखेच्या आधीची पण रुजू नंतर झाले, अशांना २०२४ मध्ये जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. माझ्याच शाळेतल्या एका सरांचं त्यात भलं झालं. लढल्याशिवाय काही मिळत नाही.

जालन्याचा_लोखंडी
मास्तर, तुमचं अभिनंदन, पण रोलिंग मिलमधल्या माणसाला हे सांगून काय होणार? त्याची पीएफची नोंद झाली तरी तो नशीबवान.

एसटी_बीड
आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर नावच कुठं नाही. आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं दिवाळीनंतर रिकामी होतात. त्यांच्या कोयत्यावर कारखाना चालतो आणि पीएफच्या कागदावर त्यांची एक ओळ नसते.

वाळूजकर
@हजेरीबाबू, माहिती छान आहे. पण माझा मुद्दा तिथंच आहे. सूत्राची हमी आहे, वाढीची नाही. आज ४,३३३ आणि वडील ऐंशीचे होतील तेव्हाही ४,३३३. सुरुवातीच्या काही वर्षांत थोडी वाढ दिली होती, मग थांबवली. राज्यसभेच्या कोश्यारी समितीनं २०१३ मध्येच किमान ३००० सुचवले होते. बुलढाण्यात २०१८ पासून लोक साखळी उपोषणाला बसले, साडेसात हजार आणि महागाई भत्ता मागत. हमी म्हणून लोकांना खूश करू नका.

हजेरीबाबू
वाळूजकर, वाढीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे आणि ती मागणी माझीही आहे. पण जे कायद्यानं आत्ता मिळायचं आहे तेही माणसं सोडून देतात, त्याचं काय? मला त्याचं जास्त दुःख होतं. आंदोलनातून साडेसात हजार मिळतील तेव्हा मिळतील. यांच्या वडिलांची ८७ ते ९५ ची वर्षं आज कागदावर आणता येतात.

गोदातीर (नांदेड)
माझं वय ५२. कंपनीनं सक्तीनं निवृत्त केलं. मित्र म्हणतात पन्नाशीनंतर पेन्शन सुरू करता येते, घेऊन टाक, उद्या नियम बदलले तर? घेऊ का?

कळंबकर
घ्या. हातात आलेलं खरं.

हजेरीबाबू
कळंबकर, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. ५८ ला जेवढं वय कमी पडतं त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापतात, आणि ती कपात कायमची असते. ५८ झाल्यावर पूर्ववत होत नाही. पन्नाशीलाच घेतली तर तीस टक्क्यांच्या आसपास पेन्शन गेली म्हणून समजा. शिवाय पुढं बायकोची पेन्शन तुमच्या पेन्शनच्या निम्मी, म्हणजे तिचीही कापली गेली. उलट ५८ नंतर साठपर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते.

गोदातीर, घरात चूल पेटायची अडचण असेल तर घ्या, त्याला कुणी नावं ठेवणार नाही. भागत असेल तर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घेऊन ठेवा. दुसरी नोकरी लागली तर ते तिथं जोडता येतं. आणि दहा वर्षांच्या आतली सेवा असलेल्या तरुणांनो, नोकरी बदलताना १०सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढून घेऊ नका. ते काढले की ती वर्षं पुसली जातात. मी माझ्या टेबलावर पोरांना हातापाया पडून सांगायचो. मोटारसायकलच्या हप्त्यासाठी सहा-सहा वर्षं पुसून गेली.

गोदातीर
धन्यवाद. बायकोचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. थांबतो.

अंबाजोगाईची_सून
मी पहिल्यांदाच लिहितेय. माझे सासरे एका गिरणीतून २००४ ला निवृत्त झाले, मागच्या वर्षी वारले. सासूबाईंना विधवा पेन्शन सुरू आहे. सासऱ्यांच्या पीपीओवर दोन आकडे आहेत, मूळ पेन्शन ९०० आणि खाली ८१०. आम्हाला वाटलं छापण्यात काही गडबड असेल. हा धागा वाचून विचारावंसं वाटलं. असं का असेल?

हजेरीबाबू
ताई, गडबड नाही. पीपीओवर "भांडवल परतावा" किंवा इंग्रजीत आरओसी असं काही लिहिलंय का बघा. जुन्या योजनेत एक पर्याय होता, २००८ मध्ये बंद झाला. त्यात दहा टक्के पेन्शन कमी घ्यायची, आणि सभासद वारल्यावर मूळ पेन्शनच्या शंभर पट रक्कम नॉमिनीला मिळायची. ९०० चे ८१० म्हणजे बरोबर दहा टक्के कमी. तसं असेल तर तुमच्या घरचे ९०,००० रुपये तिकडं पडून आहेत. त्यातही तीन प्रकार होते. एकात रक्कम सासूबाईंच्या पश्चात मिळते, एकात पेन्शनच वीस वर्षांसाठी असते. तेव्हा कोणता पर्याय आहे ते आधी नीट वाचा.

अंबाजोगाईची_सून
बापरे. सासऱ्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पेटी उघडून बघते.

जालन्याचा_लोखंडी
हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा कुणीतरी. २००८ च्या आधी निवृत्त झालेल्या प्रत्येकाच्या घरी हा कागद बघायला पाहिजे. आणि ज्यांनी त्या काळी पेन्शनचा हिस्सा विकला होता त्यांची कपात पंधरा वर्षांनी थांबून पूर्ण पेन्शन परत सुरू होते, तसा बदल २०२० मध्ये झालाय. माझ्या मामांची झाली. त्यांनी अर्ज केला तेव्हा झाली.

कळंबकर
विषय साखर कारखान्याचा निघालाय म्हणून विचारतो. माझा चुलता सीझनल. गाळप सुरू झालं की कामावर, बंद झालं की घरी, रिटेन्शन अलाऊन्स (बंद काळातला भत्ता) तेवढा मिळायचा. त्याची सेवा काढली तर वर्षाला पाच-सहा महिनेच धरलेत, म्हणून दहा वर्षं भरत नाहीत म्हणतात. बावीस हंगाम केलेत त्यानं!

हजेरीबाबू
हे चुकीचं आहे. हंगामी कामगारासाठी योजनेत स्पष्ट लिहिलंय: त्या वर्षात प्रत्यक्ष काम वर्षापेक्षा कमी असलं तरी ते पूर्ण वर्ष धरायचं. बावीस हंगाम म्हणजे बावीस वर्षं. फक्त १९९५ च्या आधीचे किती आणि नंतरचे किती ते वेगळे काढा. चुलत्यांना सांगा, दहा वर्षं कधीच भरलीत.

कळंबकर
काका, तुमच्या तोंडात साखर पडो, तीही आमच्याच कारखान्याची. उद्याच कागद काढतो. एक शंका, कारखान्यानं मधले दोन हंगाम पीएफ भरलाच नाही. चुलत्याच्या पगारातून कापला होता. ते हंगाम गेले का?

हजेरीबाबू
जायला नकोत. वर्गणीच्या सेवेची व्याख्या करताना योजनेत "मिळालेली किंवा येणे असलेली" वर्गणी असे शब्द आहेत. कारखान्यानं बुडवली तरी ती येणेच असते. ती वसूल करणं पीएफ कार्यालयाचं काम, त्यासाठी कायद्यात ७ए ची, म्हणजे थकलेली वर्गणी ठरवायची, चौकशी आहे. कारखाना दिवाळखोरीत गेला तरी पीएफच्या देण्याला अग्रक्रम असतो. मात्र चुलते त्या हंगामात कामावर होते हे दाखवावं लागेल. पगारपत्रक, हजेरीकार्ड, काहीही चालेल. प्रत्यक्षात यात कामगाराला फार झुलवतात, हेही सांगून ठेवतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

वाळूजकर
जादा पगारावरच्या, म्हणजे पंधरा हजारांच्या वरच्या खऱ्या पगारावरच्या पेन्शनचं कुणी बोलेना? नोव्हेंबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मी अर्ज केला होता. कंपनीनं कागद वेळेत दिले नाहीत, अजून लटकलंय.

हजेरीबाबू
तो मोठा विषय आहे, वेगळा धागा काढा, मी येतो. अर्जाची मुदत जुलै २०२३ लाच संपली, त्यामुळं नव्यानं काही करता येत नाही. तुमचा अर्ज मात्र जिवंत आहे, पाठपुरावा सोडू नका.

मांजराकाठचा
उशीर झाला, माफ करा. पीपीओ काढला. त्यावर योजनेत दाखल झाल्याची तारीख १६ नोव्हेंबर १९९५ लिहिली आहे आणि मागील सेवेच्या रकान्यात शून्य. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "कापायचे की, स्लिपवर वेगळा रकाना होता."

आईनं पत्र्याचा डबा काढला. त्यात १९९१ आणि १९९३ च्या पगाराच्या स्लिपा निघाल्या. कार्बनची निळी अक्षरं पुसट झालीत, पण "फॅमिली पेन्शन" असा रकाना आणि पुढं कापलेली रक्कम वाचता येते. वडील चष्मा लावून बराच वेळ ती स्लिप बघत बसले. आता कुठं जायचं? आणि आईचा प्रश्न राहिलाच.

हजेरीबाबू
शाबास! त्या स्लिपा सोन्याच्या आहेत. आधी चांगल्या उजेडात फोटो काढा, झेरॉक्स काढा, मूळ कुणाच्याही हातात देऊ नका.

मग कारखान्याच्या टाइम ऑफिसातून त्या काळचा ३ए चा (कामगाराच्या वर्गणीचा) वार्षिक उतारा आणि फॉर्म ९ ची नक्कल मागा. फॉर्म ९ मध्ये कुटुंब पेन्शनला कोण कधीपासून सभासद होतं ते असतं. लेखी अर्ज द्या. ते घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या पीएफ कार्यालयाला पीपीओ दुरुस्तीचा अर्ज करा. तेवढ्या लांब जायचं नसेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याच्या ठिकाणी "निधी आपके निकट" असतं, त्यांचे अधिकारी येतात. दुरुस्ती झाली की फरकाची थकबाकीही मागा.

आईंचं असं. वडिलांनंतर त्यांना वडिलांच्या पेन्शनच्या निम्मी, हजारापेक्षा कमी नाही. आजच्या आकड्यानं २,१६६. म्हणजे दुरुस्ती झाली तर आईंचीही वाढेल. पीपीओवर दोघांचा एकत्र फोटो आणि आईंचं नाव आधार कार्डाशी जुळतंय का आत्ताच बघा. नंतर बाईमाणसाला फार हेलपाटे पडतात. नोकरीत असताना कामगार गेला तर दहा वर्षांची अटही नाही, एका महिन्याची वर्गणी असली तरी विधवा पेन्शन बसते, आणि पंचवीस वर्षांच्या आतल्या दोन मुलांना विधवा पेन्शनच्या पाव-पाव. वाळूजकर, मी हमी म्हणतो ती याचीही.

वाळूजकर
हे मान्य. शेजारी एक पोरगा अपघातात गेला, तीन वर्षांचीच नोकरी होती. घरच्यांनी पीएफ काढला आणि पेन्शनचं काही नसतं म्हणून सोडून दिलं. आजच त्यांच्याकडं जातो.

शाळामास्तर_जिंतूर
जा नक्की. आणि आजीआजोबांना सांगा, हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायची सक्ती ईपीएसला नाही. वर्षात कधीही द्या, तिथून एक वर्ष चालतो. दरवर्षी बँकेत म्हाताऱ्यांची उगं रांग लागते. जानेवारी २०२५ पासून पेन्शन कोणत्याही बँकेत घेता येते, तेव्हा मुलाकडं पुण्याला गेलात तरी कागद हलवायची गरज नाही.

अंबाजोगाईची_सून
पेटीत मूळ आदेश सापडला. पहिलाच पर्याय आहे, नॉमिनी सासूबाई. मृत्यूदाखला आणि बँकेचं पासबुक जोडून अर्ज तयार केलाय. सासूबाई म्हणतात, त्यातून आधी यांच्या नावानं गावात पंगत घालायची. हजेरीबाबू काका, तुम्ही परभणीहून यायचं आहे.

मांजराकाठचा
आम्हीपण येऊ ताई. इकडचं सांगतो: कारखान्यात फॉर्म ९ च्या नकलेचा अर्ज दिला, आवक शिक्का घेतला. टाइम ऑफिसातल्या मुलानं १९८७ चं रजिस्टर गोदामातून काढून दाखवलं, वडिलांचं नाव आहे. वडिलांबरोबर लागलेल्या आणखी सातजणांची नावं त्याच पानावर आहेत. त्यातल्या कुणाच्याच पीपीओवर मागील सेवा नाही, मी फोन करून विचारलं. २७ तारखेला सगळ्यांना जीपमध्ये घालून लातूरला नेतोय. अर्जाचा मजकूर कुणी तपासून देईल का? इथंच टाकतो.

हजेरीबाबू
टाका. रात्री बघतो. प्रत्येकाचा अर्ज वेगळा करा, एकत्र निवेदन नको. आणि प्रत्येकाचा १६ नोव्हेंबर १९९५ चा पगार लिहून आणा, ८० की ८५ ते त्यावर ठरेल.